सावकाश श्वासाचा फायदा ऑक्सिजनचा नाही

जून उजाडला की मोबाइलवर श्वासाचे मेसेज सुरू होतात. २१ जूनचा योग दिन तोंडावर आलेला असतो, सांगलीत सकाळी आमराईत चटया पसरलेल्या दिसतात, आणि ग्रुपवर कुणीतरी टाकतं: ‘रोज दहा मिनिटं दीर्घ श्वसन करा, शरीराला तिप्पट ऑक्सिजन मिळेल, बीपी आणि शुगर मुळापासून जाईल.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. एखादे काका अनुभवाची जोडही देतात, ‘लई फरक पडतो ओ.’

फरक पडतो, यात शंका नाही. पण तो ऑक्सिजनमुळे पडतो हे बहुतांशी चूक आहे. कारण चुकीचं कळलं की पद्धतही चुकते. ऑक्सिजन भरायचा आहे असं वाटलं की माणूस छाती फुगवून, जोरजोरात, भराभर श्वास ओढायला लागतो. खऱ्या फायद्यासाठी जवळपास याच्या उलट करावं लागतं.

## तिप्पट भरायला जागा कुठे आहे?

कोविडच्या काळात घरोघर आलेलं ऑक्सिमीटर अजून एखाद्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल. सेल घालून बोटाला लावा. निरोगी माणसाला ९६ ते ९९ च्या आसपास आकडा दिसेल. रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम हिमोग्लोबिन करतं. हा आकडा सांगतो की त्याच्या शंभर जागांपैकी किती भरलेल्या आहेत. शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या जवळजवळ सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात. आता कितीही खोल श्वास घेतला तरी राहिलेल्या दोन-तीन जागा भरतील, बास.

दुसरा हिशेब याहून मजेशीर आहे. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो तिच्यात सुमारे १६ टक्के. म्हणजे आत आलेल्यातला बराचसा ऑक्सिजन आपण न वापरताच परत पाठवतो. बेशुद्ध माणसाला तोंडाने श्वास देता येतो तो यामुळेच. न्यूमोनिया झाला, फुप्फुस आजारी पडलं, तर गोष्ट वेगळी. पण सकाळी आमराईत चालायला येणाऱ्याला ऑक्सिजनचा तुटवडा नसतो.

## पाइपलाइनमधलं पाणी

मग भराभर आणि सावकाश यात फरक काय? हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पटकन कळेल. मोटर नदीवर, ऊस दोन किलोमीटर वर, मधे पाइपलाइन. मोटर चालू केली की पाणी लगेच सरीत पडत नाही, आधी पाइप भरावा लागतो. लाइट ये-जा करत असेल आणि फूटव्हॉल्व्ह गळका असेल, तर मोटर दोन मिनिटं चालते, बंद पडते, पाइपमधलं पाणी परत नदीत उतरतं. मीटर फिरत राहतं आणि उसाला थेंब मिळत नाही.

श्वासाचंही असंच आहे. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या ही आपली पाइपलाइन. तिच्यात साधारण १५० मिलिलिटर हवा मावते, आणि तिथे रक्ताशी काहीच देवाणघेवाण होत नाही. ती होते फुप्फुसाच्या टोकाशी, हवेच्या सूक्ष्म फुग्यांत. त्यांना वायुकोश म्हणतात. साधा श्वास सुमारे ५०० मिलिलिटरचा धरला, तर त्यातले १५० पाइपातच राहतात आणि ३५० कामाला येतात.

आता मिनिटाला ६ लिटर हवाच वापरायची असं धरू आणि ती तीन पद्धतींनी घेऊन बघू. २५० मिलिलिटरचे २४ उथळ श्वास घेतले तर प्रत्येकातले १५० वाया, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोचले मिनिटाला जेमतेम २.४ लिटर. ५०० चे १२ श्वास घेतले तर ४.२ लिटर. आणि लिटरभराचे ६ श्वास घेतले तर ५.१ लिटर. हवा तेवढीच, कामाला आली ती दुपटीहून जास्त. याचा अर्थ प्रत्येक श्वास लिटरभर ओढायचा असा नव्हे. श्वास सावकाश असला की कमी हवेत तेच काम होतं, एवढंच यातून घ्यायचं.

## श्वास घ्यावासा वाटतो तो कशामुळे?

बसल्या जागी श्वास रोखून बघा. थोड्या वेळाने छातीत हुरहुर सुरू होते, मग राहवत नाही. बहुतेकांना वाटतं की ऑक्सिजन संपत आला म्हणून असं होतं. त्या क्षणी ऑक्सिमीटर लावलेलं असेल तर आकडा फारसा हललेला दिसणार नाही. ही हुरहुर असते रक्तात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मुख्यतः त्याच्यावर नजर ठेवून असतं. तो वाढला की केंद्र म्हणतं, घे श्वास.

शाळेत आपण कार्बन डायऑक्साइडला ‘दूषित वायू’ म्हणून शिकलो आणि तिथेच थांबलो. शरीराला तो ठराविक प्रमाणात लागतो. भराभर, जोरात श्वास घेतला की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, पेशींना सहज सोडत नाही. डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये हे दाखवून दिलं. (अणूवाले नील्स बोर ते यांचे चिरंजीव.) म्हणजे ऑक्सिजन वाढवायला म्हणून धापा टाकायच्या आणि मेंदूला मात्र तो कमीच पोचायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्या मुंग्यांना आणि हलक्या डोक्याला लोक ‘अंगात ऊर्जा आली’ म्हणतात, ते ऐकताना मला थोडी धास्तीच वाटते.

नदीच्या गावात ही गोष्ट आणखी जपायला हवी. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पोरांची पैज लागते. बुडी मारण्याआधी दहा-वीस जोरदार श्वास घेतले की जास्त टिकतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. टिकतो खरा. पण का? ऑक्सिजन फारसा वाढलेला नसतो, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी झालेला असतो, त्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते. तेवढ्यात ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखालीच बेशुद्ध पडतं. धडपड नाही, ओरडणं नाही, काठावरच्यांना वाटतं अजून पैज चालू आहे. चांगल्या पोहणाऱ्यांचेही जीव यात गेले आहेत. घाटावर पोहायला जाणाऱ्या मुलांना एवढं तरी सांगून ठेवा.

## मनगटावर बोट ठेवा

आता खऱ्या फायद्याकडे येऊ. मनगटाची नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. लक्ष देऊन पाहिलं तर आत घेताना नाडी किंचित भरभर आणि सोडताना किंचित संथ होते. तरुण माणसात हे चांगलं जाणवतं, वय वाढतं तसं कमी होतं. हा आजार नाही, उलट निरोगीपणाची खूण आहे.

याच्या मुळाशी आहे व्हेगस नावाची नस. ती मेंदूच्या तळापासून निघून घसा, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत उतरते. हृदयाला ‘दमानं घे’ असं सांगणं हे तिचं एक काम. श्वास आत घेताना तिचा आवाज दबतो, सोडताना वाढतो. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाला दमाने घेण्याचा निरोप जास्त वेळ मिळत राहतो.

हृदयाची गती, रक्तदाब, पचन, घाम ही सगळी आपल्या मर्जीबाहेरची खाती आहेत. हृदयाला हुकूम देऊन त्याची गती कमी करून दाखवा म्हटलं तर जमणार नाही. श्वास हे एकच खातं असं, जे झोपेत आपोआप चालतं आणि जागेपणी आपण हातात घेऊ शकतो. तिथून आत शिरून बाकीच्या खात्यांवर थोडा प्रभाव टाकता येतो. श्वसनाच्या सगळ्या व्यायामांचं सार यात आहे.

मेंदूत याची जोडणी कुठे आहे तेही हळूहळू सापडत चाललं आहे. श्वासाची लय ठरवणारा पेशींचा छोटा पुंजका १९९१ मध्ये शोधला गेला. त्यातल्या काही पेशी सावधपणाच्या केंद्राशी थेट जोडलेल्या असतात, हे २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर कमालीचे शांत झाले. उंदरावरून माणसावर उडी मारायची घाई नको, पण ‘श्वास आणि मन जोडलेलं आहे’ हे वाक्य आता नुसतं प्रवचनातलं राहिलेलं नाही.

## मिनिटाला सहाच का?

मोठी माणसं बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतात. अभ्यासांमधून पुन्हापुन्हा पुढे येणारा आकडा मात्र सहाच्या आसपासचा आहे. त्याचं कारण रक्तदाबाच्या यंत्रणेत आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला आवरतो, दाब उतरतो. या निरोपाच्या फेरीची स्वतःची एक लय असते, साधारण दहा सेकंदांची. आपला श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात आणि यंत्रणेला चांगला व्यायाम मिळतो. तुमची लय साडेपाच असेल, शेजाऱ्याची साडेसहा. घड्याळ लावून सहावर अडून बसण्यात अर्थ नाही.

इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवतो. त्यांनी काही निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ आला. कुणी श्वास मोजा असं सांगितलं नव्हतं. ओळीची लांबीच तेवढी होती. आपल्याकडे एका दमात आरतीची किंवा अभंगाची ओळ ओढणाऱ्यांच्या बाबतीतही असंच घडत असावं, असा माझा अंदाज. ज्यांना आकडे मोजत बसायचा कंटाळा आहे, त्यांनी मोठ्याने काहीतरी म्हणावं.

## मिरजेच्या गवयांचा दमसास

सांगलीपासून अर्ध्या तासावर मिरज. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ साहेब तिथे राहिले, आणि दर्ग्याच्या उरुसात आजही गवई हजेरी लावायला येतात. खर्जाचा रियाज करणाऱ्या गवयाकडे बाजूने बघा. तंबोरा सुरू असतो. श्वास घेतला जातो एका क्षणात, आवाज न करता. खांदे हलत नाहीत, छाती वर जात नाही, कुडत्याखाली पोट मात्र किंचित पुढे येतं. मग सूर लागतो आणि तो श्वास थेंबाथेंबाने खर्च होतो. संपत आला तरी सूर थरथरत नाही, कारण शेवटचा थोडा साठा कधीच वापरायचा नसतो. घेणं छोटं, सोडणं लांब: शरीरशास्त्र ज्याला आज गुणकारी म्हणतं, ते हे लोक सुरासाठी करत आले.

पोट पुढे येतं ते श्वासपटलामुळे. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला हा स्नायू. तो खाली दबला की फुप्फुसांना जागा होते आणि पोटातले अवयव पुढे सरकतात. पोटात हवा जात नाही, ती फुप्फुसातच जाते. ‘पोटाने श्वास’ ही नुसती बोलायची रीत. मान आणि खांदे उचलून घेतलेला श्वास फुप्फुसाच्या वरच्या भागातच जास्त खेळतो, आणि खालचा भाग, जिथे रक्तप्रवाह अधिक असतो, तो उपाशी राहतो.

ऑपरेशननंतर हे फार महत्त्वाचं ठरतं. टाके दुखतात म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटतात, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून मिरजेत ऑपरेशन करून आलेल्या प्रत्येकाच्या घरी ते तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र असतं. आणि दहातले निदान काही पेशंट त्यात फुंकत असतात! ‘मामा, फुंकायचं नाही, ओढायचं,’ असं मी स्वतः सांगितलेलं आहे. नळी ओठांत धरून हवा हळूहळू आत ओढायची, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तशीच टिकवायची, मग सोडायची. गोळ्या टणाटण आपटवल्याने काही मिळत नाही.

## नाकाने का, आणि गुणगुणायचं कशाला?

नाक हवा गाळतं, ओली करतं, गरम करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय नाकाभोवतीच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने श्वास घेतला तर हा फायदा बुडतो. स्वीडनच्या संशोधकांना २००२ मध्ये आढळलं की तोंड मिटून गुणगुणलं की नाकातून बाहेर पडणारा हा वायू सुमारे १५ पट वाढतो. भ्रामरी प्राणायामात आपण गुणगुणतोच. यावरून लगेच ‘भ्रामरीने सायनस बरा होतो’ अशी पाटी लावू नये. वायू वाढतो हे मोजलं गेलं आहे, आजार बरा होणं ही पुढची पायरी झाली.

## मग कपालभाती वाईट म्हणायची का?

वाईट नव्हे, पण ती वेगळी गोष्ट आहे. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीत, सहा शुद्धिक्रियांपैकी एक म्हणून ती येते. पोट झटक्याने आत मारून श्वास बाहेर फेकायचा, आत येणारा आपोआप येऊ द्यायचा. शिकून, बेताने, थोडा वेळ केली तर निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही.

त्रास होतो तो चढाओढीने. एकाने शंभर मारले की दुसरा दीडशे मारतो, चेहरे लाल होतात, आणि वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइडचा खेळ सुरू होतो. पोटातला आणि छातीतला दाब वाढतो. म्हणून रक्तदाब ताब्यात नसलेले, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, फिट्स असलेले, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेले आणि गरोदर बायका यांनी हा प्रकार करू नये. कपालभाती करताना फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठल्याची एक घटना २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. अशा घटना दुर्मीळ आहेत. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही’ या समजाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

## हे आपल्या शास्त्रात आधीच सांगितलंय ना?

बरंचसं सांगितलं आहे, आणि घाईविरुद्धचा इशाराही त्यातच आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं हठयोगप्रदीपिका बजावते. व्हॉट्सॲपवरचे मेसेज हा भाग गाळतात.

जुन्या ज्ञानाला मोजपट्टी लावणारा पहिला मोठा माणूस आपल्याच राज्यात काम करत होता. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. एक्स-रे काढून, दाब मोजून, श्वासातले वायू तपासून ते योगक्रियांचा अभ्यास करत. प्राणायामाने ऑक्सिजन जास्त मिळतो हा समज त्यांनीच खोडून काढला होता. त्यांच्या मते प्राणायामाची खरी किंमत मज्जासंस्थेवरच्या परिणामात होती. इतक्या वर्षांपूर्वी लोणावळ्यात झालेला हिशेब अजून आपल्या ग्रुपवर पोचायचा आहे.

## बीपीची गोळी सुटेल का?

नाही. स्पष्टच सांगायचं तर या एका प्रश्नापायी लोक जिवाला मुकतात किंवा अर्धांगाने अंथरुणाला खिळतात.

सावकाश श्वसनाने रक्तदाब उतरतो हे खरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये औषधाशिवायच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा यंत्राच्या मदतीने केलेलं संथ श्वसन पूरक उपाय म्हणून वापरायला हरकत नाही असं म्हटलं. पण हा उतार थोड्याच अंकांचा असतो. कुणाचा १३८ असेल आणि मीठ कमी, चालणं सुरू, त्यात हे, तर बरं चाललं आहे. १७० असेल तर गोळीला पर्याय नाही. डॉक्टरांना सांगून सोबत करा. आकडे महिनोन्महिने खाली राहिले तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर बघतील.

शुगरबद्दल तर एवढंही ठामपणे म्हणता येत नाही. ताण कमी झाल्याने, झोप सुधारल्याने थोडी मदत होते. ‘मुळापासून जाते’ हे मात्र खोटं आहे.

## दम्याच्या पेशंटनी काय करायचं?

सांगलीला हा प्रश्न जवळचा. हळदीच्या पेठेत, पॉलिशच्या ठिकाणी पिवळी धूळ उडत असते आणि वर्षानुवर्षं पोती वाहणाऱ्यांच्या छातीत ती जाते. शिवारात पाचट पेटवलं की धूर, गुऱ्हाळावर धूर, आणि ज्या बायकांची हयात चुलीपुढे गेली त्यांनी विडी ओढलेली नसतानाही फुप्फुसं कामातून गेलेली असतात. धुरा-धुळीने वायुमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या या आजाराला सीओपीडी म्हणतात. दमा वेगळा, त्यात मार्ग आकसतात आणि औषधाने पुन्हा मोकळे होतात.

दम्याच्या पेशंटवर ब्रिटनमध्ये झालेला श्वसन-प्रशिक्षणाचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दोन. पेशंटचं रोजचं जगणं सुधारलं. फुप्फुसाची क्षमता मात्र होती तिथेच राहिली. याचा सरळ अर्थ: व्यायाम करा, पंप (इनहेलर) सोडू नका. पंपाची सवय लागते हा समज जितका पसरलेला तितकाच चुकीचा आहे. धाप लागलेली असताना प्राणायाम करत बसणं तर धोक्याचंच, तेव्हा पंप घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा.

सीओपीडीवाल्यांना एक युक्ती खरोखर उपयोगी पडते. नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून, घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. फुंकायचं नाही, सोडायचं. चंबूमुळे आत थोडा उलटा दाब राहतो, त्यामुळे लुळे पडलेले मार्ग लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर येते. जिना चढताना सोडण्याच्या वेळी पायरी चढायची. चार पायऱ्यांवर थांबणारी आजी मजला चढून जाते, एवढा फरक यात पडू शकतो.

आणि सकाळच्या ‘शुद्ध हवे’बद्दल थोडं. ऊसतोडीच्या दिवसांत, थंडीत, पहाटे धूर जमिनीलगत धरून राहतो, कारण वरची हवा उबदार आणि खालची गार असते. त्या वेळी उघड्यावर दीर्घ श्वसन करण्यापेक्षा ऊन वर आल्यावर करावं, किंवा घरात.

## ‘मला तर डोळे मिटले की जास्तच घाबरायला होतं’

असं सांगणारे बरेच असतात, आणि त्यांना ‘तुमचं मन चंचल आहे’ म्हणून गप्प करणं अन्यायाचं आहे. चिंतेचा त्रास असलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याला ‘खोल श्वास घे, अजून खोल’ म्हटलं की तो आणखी कार्बन डायऑक्साइड घालवतो, छाती धडधडते, मुंग्या येतात, आणि घाबरण्याला कारण मिळतं. घाबरलेल्या माणसाला ‘हळू सोड’ म्हणावं. घेणं आपोआप होतं.

अशांनी डोळे उघडे ठेवावेत, मोजू नये, चालता चालता सोडणं थोडं लांबवावं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी महिनाभर रोज ५ मिनिटांच्या काही पद्धती तपासल्या. त्यात नाकाने एक श्वास, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब उसासा, या प्रकाराने मनःस्थिती सर्वांत जास्त सुधारली. आपण सुस्कारा सोडतो तेच हे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला मात्र आता देत नाहीत. समोरच्याला दम्याचा किंवा हृदयाचा झटका आलेला असेल तर तो जिवावर बेतू शकतो. छातीत दुखत असेल, डावा हात भरून आला असेल, तर श्वास मोजू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

## करायचं कसं, आणि बीपी कधी मोजायचं

जेवणानंतर दोन तास तरी गेलेले असावेत. खुर्चीत बसलात तरी चालेल, पद्मासनाचा हट्ट नाही. एक हात पोटावर. तोंड मिटून नाकाने मनातले चार आकडे होईतो श्वास घ्या, सहा होईतो सोडा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार. रोखून धरू नका. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, शिकायचाच असेल तर जाणकाराकडून शिका, व्हिडिओवरून नको. श्वास कानाला ऐकू येत असेल तर तो जास्त जोरात चालला आहे. हवेची भूक वाटली की एक साधा श्वास घेऊन पुन्हा सुरू करा, चक्कर आली तर थांबा. पाच मिनिटं पुरे, हवं तर दहा. अनुलोम-विलोम येत असेल तर तोही याच संथ गतीने करा. एक नाकपुडी बंद असल्याने तो आपोआप सावकाश होतो.

घरी बीपीचं मशीन असणाऱ्यांची एक चूक नेहमी दिसते. प्राणायाम झाला की लगेच पट्टा बांधतात, आकडा छान येतो, तोच वहीत लिहितात आणि तीच वही डॉक्टरांपुढे ठेवतात. संथ श्वसनानंतर थोडा वेळ दाब उतरलेला असतो. दिवसभराचा दाब त्यातून कळत नाही, आणि डॉक्टर गोळी कमी करून बसण्याची शक्यता असते. म्हणून बीपी प्राणायामाच्या आधी मोजा: सकाळी, चहा घेण्यापूर्वी, पाच मिनिटं नुसतं बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा, आणि मग चटई पसरा.